पिठाच्या डब्यामागचा कागद

मैत्रिणींनो, आज स्वतःचीच एक चूक सांगायला बसले आहे. गेली सतरा वर्षं बचत गटाच्या बैठकांमध्ये मी एकच पाठ म्हणत आले, "बायांनो, दुखणं अंगावर काढू नका. घरात सांगा, वेळेवर दाखवा." आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मी काय केलं? रिपोर्टचा कागद चार घड्या घालून पिठाच्या डब्यामागे सारून ठेवला!

झालं असं. यंदा संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी आमच्या वाईत आम्ही गटातर्फे रक्ततपासणीचं शिबिर घेतलं. फलक लावला, सतरंज्या टाकल्या, चहा-बिस्किटं सांगितली. बायका आल्या, पण सुईपुढे हात करायला कुणी तयार होईना. "ताई, आधी तुम्ही द्या, मग आम्ही," असं एकीने म्हटलं आणि सगळ्या हसल्या. मीही पदर सावरून बसले. मला कुठे काय होतंय? ना ताप, ना अशक्तपणा. केवळ इतरांना धीर यावा म्हणून दिलेलं ते रक्त.

शनिवारी संध्याकाळी रिपोर्टांचा गठ्ठा आला. प्रत्येकीचं पाकीट वेगळं. माझं उघडलं तर आकड्यांच्या रांगेत एक आकडा ठळक छापलेला आणि शेजारी इंग्रजीतला 'एल'. प्लेटलेट ५८,०००. समोर कंसात लिहिलेलं, दीड लाख ते साडेचार लाख. पाकिटं घेऊन आलेला मुलगा जाता जाता म्हणाला, "मॅडम, हे जरा डॉक्टरांना दाखवून घ्या." एवढंच. त्या बिचाऱ्याला तरी आणखी काय माहीत असणार? आमचे नेहमीचे डॉक्टर लग्नाला परगावी गेलेले, ते सोमवारी येणार. म्हणजे मध्ये दोन रात्री आणि एक अख्खा रविवार.

आणि रविवारी आमच्याकडे हळदीकुंकू!

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी मोबाइल घेऊन बाथरूममध्ये गेले. प्लेटलेट कमी होण्याची कारणं शोधली आणि पहिल्या पाच मिनिटांत रक्ताच्या कर्करोगापर्यंत पोहोचले. मग दिव्याखाली हातपाय तपासले. दंडावर एक निळसर डाग दिसला. तो दाराच्या कडीचा की आजाराचा? दोन दिवसांपूर्वी मला तो दिसलाही नसता. परत येऊन आडवी झाले तर डोक्यात हिशेब सुरू. लेकीची बारावीची परीक्षा फेब्रुवारीत. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या कुठल्या दुकानातून आणायच्या ते फक्त मला ठाऊक. पोस्टातल्या ठेवीवर वारस म्हणून कुणाचं नाव घातलंय? दुधाचं बिल, गॅसचं पुस्तक, कपाटाची दुसरी किल्ली... हसाल तुम्ही, पण पहाटे तीन वाजता मी मनातल्या मनात माझ्यामागचा संसार लावून देत होते.

दुसऱ्या दिवशी चाळीसेक बायका येऊन गेल्या. तिळगूळ दिला, हळदीकुंकू लावलं, वाण म्हणून स्टीलची गाळणी वाटली. एकीने विचारलंच, "चेहरा का उतरलाय गं?" म्हटलं, "झोप नाही झाली." खोटं नव्हतं ते. सकाळी नारळ खवताना बोटाला जरासं लागलं होतं, तर रक्त थांबतंय की नाही हे मी दर दोन मिनिटांनी पाहत होते. थांबलं होतं केव्हाच. तरी पाहत होते.

रात्री भांडी आवरताना सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. हातात तो कागद. सकाळच्या भाकरीचं पीठ काढायला डबा ओढला, तेव्हा सापडला. मला वाटलं, आता रडारड होणार. त्यांनी चष्मा लावला, ठळक आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "मला यातलं काही कळत नाही. मला एवढंच सांग, उद्या डॉक्टरकडे किती वाजता जायचं?"

मैत्रिणींनो, त्या एका प्रश्नाने माझ्या छातीवरचा दगड निम्मा उतरला. आजार असो की नसो, दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं ते तरी ठरलं होतं.

यांना सांगितलं तर हे म्हणाले, "काही नसतं गं, मशीन चुकलं असेल." गंमत बघा, पुढे यांचं म्हणणं निम्मं खरंही ठरलं. पण त्या क्षणी मला ते लागलं. 'काही नसतं' म्हटलं की विषयच मिटतो. घाबरलेल्या माणसाला बोलायला जागा उरत नाही. धीर द्यायचा तर 'काही नसतं' म्हणू नये, 'जे असेल ते बघू, मी येतो बरोबर' म्हणावं. घरातल्या पुरुषांनी हा लेख वाचला तर एवढं एक वाक्य घ्यावं.

सोमवारी डॉक्टरांनी कागद पाहिला, जीभ, हिरड्या, पाय, पोट तपासलं, आणि विचारलं, "नाकातून रक्त येतं? हिरड्यांतून? पाळीला नेहमीपेक्षा जास्त जातं? अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठलेत? कुठल्या गोळ्या, काढे चालू आहेत?" सगळ्याला माझं नाही. मग त्यांनी जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. रक्त गोठू नये म्हणून जांभळ्या टोपणाच्या नळीत एक औषध असतं. काही जणांच्या रक्तात त्या औषधामुळेच प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात. यंत्र पुंजक्यातल्या प्लेटलेट सुट्या सुट्या मोजू शकत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. माणसाला काही झालेलं नसतं, झालेलं असतं ते नळीत! म्हणून अशा वेळी निळ्या टोपणाच्या, वेगळं औषध असलेल्या नळीत पुन्हा रक्त घ्यायचं, आणि एक थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहायचा.

तसं केलं. पुंजके होतेच. नव्या नळीतला आकडा आला १,१२,०००.

तुम्ही म्हणाल, सुटलीस! मलाही तसंच वाटलं. पण दीड लाखाला तो अजून कमीच होता. म्हणजे सगळी चूक नळीची नव्हती. पुढे पुण्याच्या रक्तविकारतज्ज्ञ बाईंची वेळ मिळायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस त्या पहिल्या दोन रात्रींपेक्षा वेगळे गेले, कारण आता घरात सगळ्यांना माहीत होतं. लेक म्हणाली, "आई, मोबाइलवर शोधायचं असेल तर दिवसा शोध, आणि माझ्याजवळ बसून शोध." सतरा वर्षांची पोर. मी तिच्यापासून लपवत होते, तिच्या परीक्षेसाठी म्हणून. तिला आधीच जाणवलं होतं की घरात काहीतरी आहे, आणि न कळल्यामुळेच तिचं वाचनात लक्ष लागत नव्हतं.

सल्ल्यांचा मात्र पाऊस पडला. कुणी पपईच्या पानांचा रस सांगितला, कुणी किवी, कुणी शेळीचं दूध. प्रत्येकीच्या ओळखीतलं कुणी ना कुणी त्यानेच बरं झालेलं. मी सगळ्यांना 'हो' म्हटलं आणि काहीच केलं नाही. अविश्वास म्हणून नव्हे. खरं कारण कळायच्या आत पोटात दहा गोष्टी गेल्या, तर पुढच्या तपासणीत आकडा कशाने हलला हे कोण सांगणार?

खंबाटकी ओलांडून आम्ही दोघं पुण्याला गेलो. बाईंनी ब-१२, थायरॉइड, यकृत, काविळीचे विषाणू अशा तपासण्या सांगितल्या. त्या सगळ्या ठीक आल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "प्लेटलेट थोड्या कमी आहेत, एवढंच आज सांगता येईल. काही माणसांच्या आयुष्यभर अशाच राहतात आणि त्यांना काही होत नाही. काहींच्या पुढे आणखी उतरतात. तुमचं कुठल्या बाजूला जाईल हे आज मी सांगू शकत नाही. आकडा लाखाच्या वर आहे, रक्तस्राव नाही, तेव्हा औषध नको. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू."

परतीच्या गाडीत मी गप्प होते. आजाराला नाव असतं तर रडता तरी आलं असतं. काही नाही असं कळलं असतं तर पेढे वाटले असते. हे मधलंच! आपल्या बायकांना 'आहे' किंवा 'नाही' यांची सवय. 'बघू' हे उत्तर पचत नाही. पण त्या गाडीतच माझ्या लक्षात आलं की आपलं सगळं जगणंच तर 'बघू'वर चाललेलं असतं. पाऊस येईल का, मुलीला प्रवेश मिळेल का, धाकट्याची नोकरी टिकेल का? यातल्या कशाचं उत्तर आपल्याला आधी मिळतं? तरी आपण पेरणी करतो, फॉर्म भरतो, डबा भरून देतो. मग आपल्याच रक्ताच्या बाबतीत 'बघू' एवढं का टोचावं?

या काळात मी एक गोष्ट नीट समजून घेतली, ती तुम्हालाही सांगते. रिपोर्टात कंसात जी मर्यादा छापतात, ती ठरते कशी? बऱ्याच तपासण्यांत निरोगी माणसांचे आकडे घेऊन त्यातले मधले ९५ टक्के धरतात. म्हणजे निरोगी असूनही शंभरातली पाच माणसं कंसाबाहेर पडणारच. आता एकाच दिवशी, एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर हिशेबाने शंभरातल्या साधारण ६४ धडधाकट माणसांच्या कागदावर निदान एक तरी आकडा ठळक छापून येईल. 'सगळ्या अंगाची तपासणी, अमुक रुपयांत' अशा जाहिराती पाहून पन्नास-साठ तपासण्या करून घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. ठळक छापलेला आकडा म्हणजे आजार नव्हे, तो एक प्रश्न आहे. मात्र काठावरचा आकडा आणि काठापासून खूप दूर गेलेला आकडा यांत फरक असतो. माझा पहिला आकडा खूप दूरचा होता, म्हणून तो तातडीने पुन्हा तपासणं गरजेचंच होतं.

आता याच कागदाची दुसरी बाजू. त्याच रिपोर्टात माझं हिमोग्लोबिन होतं १०.८. गरोदर नसलेल्या बाईचं ते निदान १२ असावं लागतं. तो आकडाही कंसाबाहेरचाच. पण त्याच्यासाठी माझी एक रात्रही जागी गेली नाही! का? तर 'ते काय, सगळ्यांचंच कमी असतं.' खरंच आहे. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आमच्या शिबिरातही निम्म्याहून जास्त पाकिटांत तोच आकडा होता आणि एकीनेही काळजी केली नाही. धाप लागते, चक्कर येते, केस गळतात, तरी 'बाईच्या जातीला चालायचंच'.

माझं म्हणणं आहे ते इथे. आपण दोन्हीकडे चुकतो. न समजणाऱ्या एका आकड्याने आपण मरणाच्या दारात जाऊन बसतो, आणि समजलेला, उपाय असलेला आकडा वर्षानुवर्षं अंगावर वागवतो. दोन्हींचं मूळ एकच. कागद हातात आला की आपण कुणाला विचारत नाही. एकीत भीती वाटते म्हणून, दुसरीत लाज वाटते म्हणून. 'माझ्यासाठी कुठे आता कुणाला सुट्टी घ्यायला लावायची' हे तर आपल्या तोंडी बसलेलंच आहे.

आणि आमच्यासारख्या शिबिरं घेणाऱ्यांची चूक मी झाकणार नाही. आम्ही रक्त काढलं, पाकिटं वाटली, फोटो काढले, आणि शिबिर यशस्वी झालं असं समजलो. त्या पाकिटात कुणाच्या दोन रात्रींची झोप बांधून दिली होती, हे आम्हाला कळलंही नाही. मला निदान वाचता तरी येत होतं. जिला तो इंग्रजी कागद वाचताच येत नाही, तिने काय करायचं? रिपोर्ट समजावून सांगायला डॉक्टर बसणार नसतील, तर तपासणी शिबिर घेऊच नये, या मताची मी आता झाले आहे. कडू वाटलं तरी चालेल.

मग अशा मधल्या दिवसांत करायचं काय? मी जे शिकले ते सांगते.

पहिलं, कागद लपवू नका. घरातल्या एका तरी माणसाला त्याच दिवशी दाखवा. सगळ्या गल्लीला सांगायची गरज नाही, एक माणूस पुरे. जो घाबरवणार नाही आणि टाळणारही नाही, असा.

दुसरं, डॉक्टरांकडे जाण्याआधी प्रश्न वहीत लिहून न्या. समोर बसलं की सगळं विसरायला होतं. हा आकडा पुन्हा तपासायला हवा का? आजाराशिवाय तो कशाने बदलू शकतो? पुढची तपासणी केव्हा, आणि तोवर काय झालं तर लगेच यायचं? हे विचारायला इंग्रजी लागत नाही. बरोबर कुणाला तरी न्या, म्हणजे दोघींच्या चार कानांनी ऐकलं जातं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, काढे पिशवीत घालून न्या. जुने रिपोर्टही न्या, कारण आकडा आज कमी झालाय की पाच वर्षांपासून तेवढाच आहे, हे त्यावरूनच कळतं.

तिसरं, धोक्याची लक्षणं माहीत करून घ्या. म्हणजे बाकीच्या वेळी घाबरायचं कारण उरत नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर, न थांबणारं रक्त, अंगावर अचानक उठलेले बारीक लाल ठिपके, काळी शौच, कधी नव्हे अशी प्रचंड डोकेदुखी, यातलं काही दिसलं तर तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. ही यादी फ्रिजवर लावली आहे. त्या यादीत दंडावरचा एकुलता निळा डाग नाही, म्हणून आता तो मी रोज पाहत नाही.

चौथं, पैशाचं. 'पुन्हा तपासणी म्हणजे पुन्हा खर्च' म्हणून अनेकजणी दुसरा रिपोर्ट करतच नाहीत आणि भीती तशीच घेऊन जगतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या राज्यात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार मोफत केले आहेत. ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात जाऊन विचारा. विचारायला लाजू नका.

आणि शेवटचं, रोजची कामं सोडू नका, पण रोजची सगळी कामं एकटीने ओढूही नका. त्या नऊ दिवसांत सासूबाईंच्या गोळ्यांचं दुकान लेकीला कळलं, गॅसचं पुस्तक यांना कळलं, आणि पोस्टातल्या ठेवीवर वारसाचं नाव लागलं. हे सगळं मी धडधाकट असतानाही व्हायला हवंच होतं की!

एप्रिलमध्ये पुन्हा रक्त दिलं, निळ्या टोपणाच्या नळीत. आकडा १,१८,०००. बाई म्हणाल्या, "छान. आता सहा महिन्यांनी." स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी मी तारखेभोवती गोल केला आहे. तो गोल दिसला की अजूनही पोटात कसंतरी होतं, खोटं कशाला बोलू? पण तो सगळ्यांना दिसतो. हिमोग्लोबिनसाठी लोहाच्या गोळ्याही घेते आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांना वाटल्या, आता स्वतः गिळते.

आमच्या गटाने पुढचं शिबिर ठरवताना डॉक्टरांची तारीख आधी घेतली, फलक नंतर छापायला दिला. आणि परवाच्या बैठकीनंतर सगळ्या गेल्यावर एक जण मागे रेंगाळली. घुटमळत तिने पर्समधून एक कागद काढला. घड्यांवर पार फाटत आलेला, जानेवारीचा. म्हणाली, "ताई, कुणाला बोलले नाही अजून. हा जाड अक्षरातला आकडा कशाचा असतो?"

मी कागद हातात घेतला. म्हटलं, "सगळं मलाही नाही कळायचं. पण उद्या डॉक्टरकडे किती वाजता जायचं ते आधी ठरवू."